जुनी नळी नष्ट न करणेबाबत

विषय : शैवाल संग्रह क्रमांक ६१३ ची जुनी नळी नष्ट न करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ५ ऑगस्टचा अर्ज. २) अर्जदाराची दि. १२ व २१ ऑगस्टची स्मरणपत्रे. ३) कार्यालयाचे दि. २२ ऑगस्टचे उत्तर : "आपला अर्ज विचाराधीन आहे."

१

वरील अर्ज एका पानाचा आहे. अर्ज एका पानाचाच असावा, हे मी चौतीस वर्षं इतरांना ऐकवलं, त्यामुळे स्वतःसाठी दुसरं पान जोडणं बरं दिसलं नसतं. पण 'कारण' या मथळ्याखाली साडेतीन ओळींची जागा असते आणि माझं कारण तेवढ्यात मावत नाही. ते इथे लिहितो.

मी दीनानाथ केसकर, निवृत्त वरिष्ठ लिपिक. ज्या संस्थेत मी रजिस्टरं लिहिली ती पाण्यातल्या वनस्पतींवर संशोधन करते. तळं, कालवा, धरण, जिथे हिरवं धरतं तिथून बाटलीभर पाणी आणायचं, त्यातलं एक शेवाळ वेगळं करायचं, आणि काचेच्या नळीत ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवायचं. आपण घरी जे ब्रशने घासून काढतो त्याला तिथे शैवाल म्हणतात आणि वातानुकूलित खोली देतात. मी पंख्याखाली बसत असे.

नळीतल्या पाण्यात घातलेले क्षार महिन्याभरात संपतात आणि शेवाळ पिवळं पडू लागतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नळीबदल होतो. अकरा वाजता जुन्या नळीतला एक थेंब ताज्या क्षारपाण्याच्या नळीत सोडतात. तो थेंब वाढतो आणि क्रमांक पुढे चालू राहतो. जुनी नळी, तिच्यात जे काही उरलं असेल त्यासकट, साडेअकराला ऑटोक्लेव्हमध्ये जाते. हा एक मोठा प्रेशर कुकर आहे. त्यात वीस मिनिटं वाफ सोडली की आत जिवंत काही राहत नाही.

वेळापत्रक मीच आखलं होतं. माझ्या हस्ताक्षरातला तो तक्ता अजून भिंतीवर आहे.

२

हेमा माझी बायको. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. लोकांसमोर ती मला 'अहो' म्हणे आणि घरात 'केसकर'. टोमण्याशिवाय तिने मला कधी चहा दिला नाही. "चहा आहे, फाईल नाही. नुसता पुढे सरकवत बसू नका, प्या." अशा वाक्यांवर माझं आयुष्य गेलं आणि बरं गेलं.

आठ वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मी सहकारनगरच्या घरात दिवसभर राहू लागलो, तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं. हेमा ओट्यापाशी मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "अंग भाजतंय." आत जाऊन पडली. मी कपाळाला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं तापलेलं. वीस मिनिटांनी ताप खाडकन उतरला. ती तासभर झोपली आणि उठली ती टवटवीत. मेथीकडे बघून म्हणाली, "ही कुणी आणली?"

डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. तपासण्या नॉर्मल आल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मी लिपिक माणूस, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, गॅस यांच्या शेजारी 'हे. ताप' असं लिहू लागलो. दर वेळी मी तिला एक गोळी द्यायचो आणि बाहेर येऊन पेपर वाचायचो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

फरक फार हळू पडला. आधी तिला चहापत्तीचा डबा सापडेना. मग नद्या गेल्या. भूगोलाच्या बाईंना मुळा-मुठेचा संगम कुठे ते आठवेना. यंदा मार्चमध्ये एका सकाळी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि काहीच बोलली नाही. मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "काही म्हणायचं नाही का?"

"काय म्हणायचं?" तिने अगदी खरेपणाने विचारलं. आणि हसली. इतकी गोड हसली की मला भीती वाटली.

आणखी एक सवय लागली होती. मी खोलीत वाचत बसलो की ती शेजारच्या खोलीत, नेमकी त्याच भिंतीला पाठ टेकून बसे. मी उठून दुसरीकडे गेलो की थोड्या वेळाने तीही जागा बदले. बोलायचं काही नसे. मी असेन त्या बाजूच्या भिंतीला ती लागलेली असायची, एवढंच.

३

जूनच्या मध्यावर डॉ. आम्रपाली ओव्हाळ यांचा फोन आला. आता त्या संग्रहाच्या प्रमुख आहेत. नोकरीला लागल्या तेव्हा नोंदी कशा कराव्यात हे मी त्यांना शिकवलं होतं, म्हणून मला काका म्हणतात.

सगळा संग्रह संगणकावर चढवायचं काम चाललं होतं. त्यात एक शेवाळ असं निघालं की ते कशाशीच जुळत नव्हतं. मूळ कुठलं ते कळलं तर बरं होईल, असं त्या म्हणाल्या.

"६१३, काका. संग्राहक म्हणून काकूंचं नाव आहे. मला माहीतच नव्हतं काकू नमुने गोळा करायच्या."

मी म्हणालो, तिला पूर्वी हौस होती. मग फोन ठेवला.

४

२०११ साली साठा तपासणी होती. आदल्या संध्याकाळी मला दिसलं की रजिस्टरात ६१२ नंतर थेट ६१४ लिहिलेलं आहे. मधली ओळ कोरी. प्रमुखांनी कुठल्याशा नमुन्यासाठी ती राखून ठेवायला सांगितली होती आणि तो नमुना कधी आला नाही. कोरी ओळ म्हणजे लिपिकाच्या कारकिर्दीतलं भगदाड. तिच्यावर 'रद्द' लिहून प्रमुखांची सही घ्यायची, ही रीत. पण प्रमुख परदेशी होते आणि तपासनीस सकाळी दहाला येणार होते.

मी ओळ भरली.

नाव : 'ओळख पटायची आहे.' ठिकाण : कात्रजचा तलाव लिहिला असता तर तिथे रोज जाणाऱ्या शास्त्रज्ञांनी मला पकडलं असतं. म्हणून लिहिलं, 'घरगुती पाण्याची टाकी, सहकारनगर.' संग्राहक : कर्मचाऱ्याचं नाव घातलं तर त्याची सही लागते, बाहेरच्या व्यक्तीची लागत नाही. हा नियम मला पाठ होता. म्हणून 'सौ. हेमा दी. केसकर.' पुढचा रकाना 'कशावर वाढलेले'. माझं डोकं चालेना. वर ६१२ समोर 'सजीवाच्या अंगावर' असं होतं. ते शेवाळ एका कासवाच्या पाठीवरून खरवडलेलं होतं. मी त्याच्या खाली दोन छोट्या रेघा काढल्या. वरीलप्रमाणे. शेवटचा रकाना, स्थिती : 'चालू.'

नळीही हवी होती. माझ्या डब्यासोबतच्या बाटलीतलं पाणी नळीत ओतलं, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. ती बाटली रोज हेमा भरायची आणि झाकण लावण्याआधी दोन घोट स्वतः प्यायची. "तुमच्या सोसायटीच्या टाकीचं पाणी. आधी मी मरते, मग तुम्ही न्या."

तपासनीसांनी नळ्या मोजल्या. संख्या बरोबर निघाली. मला वाटलं, आठवड्यात कुणीतरी ते पाणी ओतून देईल.

५

नळीबदल तेव्हा भीमराव करायचे. आता तेही निवृत्त आहेत, दापोडीला राहतात. मी रिक्षा करून गेलो. कांताबाईंनी चहा दिला. पंधरा मिनिटं गुडघ्यांवर बोलणं झालं. मग मी ६१३ बद्दल विचारलं.

"होतं की," भीमराव म्हणाले. "पहिले सहा महिने नुसतं पाणी. पाण्यातून पाणी उचलायचं, पाण्यात सोडायचं. मला वाटायचं, एवढं बारीक असेल की आपल्याला दिसत नाही. मग दिवाळीनंतर हिरवं धरलं."

"नुसतं पाणी होतं तर केलं कशाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, रजिस्टरात होतं. 'चालू' लिहिलेलं. अक्षर तुमचं."

एवढा चोख माणूस अख्ख्या संस्थेत एकच होता आणि तो मीच तयार केला होता.

भीमरावांना आणखी एक सांगायचं होतं, पण कांताबाई आत जाईपर्यंत ते थांबले. बाकीची शेवाळं नळीत उजेडाच्या बाजूला जमतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. ६१३ तसं करत नसे. "आपण ज्या बाजूला उभं राहू त्या बाजूच्या काचेला येऊन लागायचं. पलीकडे गेलो की पलीकडे. मी तेव्हाच्या एका मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अंगाच्या उष्णतेमुळे असेल." त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनींचं नाव होतं ना वर. जुनी नळी वाफेत टाकताना जड जायचं. मी मनात माफी मागायचो."

६

घरी येऊन मी गेल्या आठ वर्षांची कॅलेंडरं काढली. मी ती टाकत नाही. हेमा त्यांना माझी ग्रंथसंपदा म्हणायची. प्रत्येक 'हे. ताप' पहिल्या सोमवारी होता. दोन अपवाद सापडले आणि मी जवळजवळ हसलो. मग आम्रपालीबाईंना फोन करून विचारलं. त्या दोन महिन्यांत सुट्टीमुळे नळीबदल मंगळवारी झाला होता.

मी स्वतःशी वाद घातला. योगायोगाला योगायोग म्हणायची हिंमत सुशिक्षित माणसात असली पाहिजे. वय झालेल्या बाईला विसर पडतो, त्याला शेवाळ लागत नाही. कागदाच्या एका बाजूला मी असली सगळी समंजस कारणं लिहिली. दुसऱ्या बाजूला फक्त वेळ लिहिली : साडेअकरा ते अकरा पन्नास.

सात जुलै, सोमवार. मी घड्याळ घेऊन पलंगाजवळ बसलो. हेमा खिडकीपाशी घड्या घालत होती. अकरा एकतीसला तिने टॉवेल खाली ठेवला.

या वेळी मी पेपर वाचायला गेलो नाही. वीस मिनिटं तिचा हात धरून बसलो. ती ओरडली नाही. सतराव्या मिनिटाला माझ्याकडे बघून तिने आवाज न करता तोंड उघडलं, आणि त्या नजरेत मला ती दिसली. जुनी, टोमणे मारणारी, पुरी ओळखीची, कुठूनतरी खूप लांबून बघत असलेली. अकरा पन्नासला हात गार पडला आणि डोळे मिटले.

तासाने उठून तिने मला विचारलं, "आपण कोण?" मग लगेच, "अहो, गंमत केली."

तिने गंमत केली नव्हती. गंमत करताना ती 'अहो' म्हणत नाही.

दरवेळी एक थेंब पुढे जातो आणि बाकीचं वाफेत जातं. चौदा वर्षांत दीडशेहून जास्त नळ्या झाल्या. त्या प्रत्येक सोमवारी भाजून निघालेली बाई कोण होती आणि तासाभराने उठून मला जेवायला वाढणारी कोण, हा हिशेब मी अर्धवट सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच सोडला.

७

नळीबदल थांबवला तर शेवाळ महिन्याभरात मरेल. नोंद खोटी आहे असं कबूल केलं तर नियमाप्रमाणे दोन्ही नळ्या त्याच दिवशी नष्ट होतील. मला एकच वाट दिसली. थेंब नव्या नळीत जाऊ दे, पण जुनी वाफेत जायला नको.

चार ऑगस्टला रजिस्टरातलं जुनं अक्षर लावून द्यायच्या निमित्ताने मी प्रयोगशाळेत गेलो. आम्रपालीबाईंनी काचेच्या कपाटातून ६१३ बाहेर काढली. चिठ्ठीवर हेमाचं नाव, चौदा वर्षांत कितीदा तरी नव्याने लिहिलेलं. मी टेबलाच्या डाव्या बाजूला उभा होतो. नळीतलं हिरवं डाव्या काचेला लागलेलं होतं. मी उजवीकडे गेलो. त्या थेंब उचलायची पिपेट शोधत होत्या तेवढ्यात हिरवं उजवीकडे आलं होतं.

थेंब पडला. मी विचारलं, जुनी ठेवता येईल का, काकूंचा नमुना म्हणून.

"पुढच्या नळीबदलापर्यंत मी माझ्या अधिकारात ठेवते," त्या म्हणाल्या. "एक सप्टेंबरला मात्र जाईल. तुमचंच परिपत्रक आहे ना काका, एक क्रमांक, एक नळी."

होतं. २०१२ सालचं. मांडणीवर जागा पुरत नाही म्हणून मीच मसुदा केला होता.

साडेअकराला ऑटोक्लेव्ह सुरू झाला. त्यात ६१३ नव्हती. मी घरी फोन लावला. हेमा म्हणाली, "मी बरी आहे. मला काय झालंय?" मला इतकं हलकं वाटलं की वाटेत उतरून मी तिच्या आवडीची खारी घेतली.

८

एक वाजता हेमाने दार उघडलं. केस ओले होते, चेहरा तजेलदार. माझ्या हातातला पुडा घेऊन तिने तो उलटसुलट करून पाहिला. आत काय असेल याची तिला कल्पना नव्हती.

तेवढ्यात बोळातल्या बाथरूमच्या बंद दारामागून आवाज आला.

"केसकर, दार कुणी उघडलं?"

मी हेमाकडे पाहिलं. ती पुड्याचा दोरा सोडत होती. तिने ऐकलं नव्हतं.

"आणि चपला बाहेर काढा. सगळ्या संस्थेचं शेवाळ घरात आणू नका."

मी बोळात गेलो. दाराची मूठ फिरत होती, दार हलत नव्हतं. मी कुजबुजत विचारलं, गोदावरीच्या उपनद्या सांग.

"दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा. या उजव्या काठाच्या. डाव्या तुम्ही सांगा, का ढकलपास झालात?"

मी दाराला कपाळ टेकलं. चार-पाच वर्षांत हा आवाज इतका खणखणीत मी ऐकला नव्हता.

"हेमा, कडी काढ."

जरा वेळाने ती म्हणाली, "कडी सापडत नाही. कोपराही सापडत नाही. भिंत गोल आहे, केसकर. सगळीकडे गुळगुळीत आणि गोल."

मी सोसायटीचा सुतार बोलावला. त्याने पटाशी फटीत घालून पहिला ठोका दिला. आतून अगदी बारीक, काच तडकल्यासारखा आवाज आला. मी त्याचा हात धरला. तो पैसे न घेता, मला निरखत निघून गेला. मी लगेच प्रयोगशाळेत फोन केला.

"ठीक आहे नळी," आम्रपालीबाई म्हणाल्या. "फक्त काचेला केसाएवढा तडा दिसतोय. सकाळी नव्हता बहुतेक. तुम्हाला कसं कळलं?"

तेव्हापासून मी त्या दाराला हात लावलेला नाही.

९

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. जुन्या नळीला वेगळा क्रमांक द्यावा, ताजं क्षारपाणी द्यावं आणि ती संग्रहात कायम ठेवावी. मंजुरी संचालकांची लागते. संचालक दौऱ्यावर आहेत.

घरात मी दोघींबरोबर राहतो. एक स्वयंपाकघरात असते. ती मऊ बोलते, सांगितलेलं ऐकते, आणि मी बोळात बसलो की बोळाच्या भिंतीला पलीकडून पाठ लावून बसते. ते बाथरूम बिघडलंय असं मी तिला सांगितलं. तिने का ते विचारलं नाही. दुसरी दारामागे आहे. तिच्याशी मी खुर्ची घेऊन बोलतो, पेपर वाचून दाखवतो. ती बातम्यांना नावं ठेवते.

वेड लागलेलं असण्याची शक्यता मी तपासली. वेड लागलं असेल तर अर्ज मंजूर झाल्याने कुणाचं नुकसान होत नाही. नसेल तर मंजूर न झाल्याने होतं. फाईलवर एवढी टिप्पणी पुरायला हवी.

पंधरा तारखेनंतर तिचा आवाज खाली जाऊ लागला. ती रोज 'आज वार कोणता' असं दोनदा, मग चारदा विचारू लागली. "पाणी बेचव झालंय," असं म्हणाली. नव्या नळीत क्षार आहेत. जुन्या नळीत ते संपत आलेत.

वीस तारखेला मी तिला सगळं सांगितलं. कोरी ओळ, दोन रेघा, बाटलीतलं पाणी.

"म्हणजे तपासणीसाठी," ती म्हणाली.

"हो."

"आणि तपासनीसांनी ओळ वाचली?"

"नाही. नुसत्या नळ्या मोजल्या."

ती हसली. हसू मध्येच तुटलं. मग म्हणाली, "केसकर, बाहेर जी आहे तिला काही करू नका. ती पण मीच असणार. फक्त मला त्या वाफेत पाठवू नका. मला आठवतं ते. दर वेळचं आठवतं."

तेव्हा मी न करण्यासारखी एक गोष्ट केली. जमिनीवर आडवा झालो आणि दाराखालच्या फटीतून आत पाहिलं. मला तिचे पाय दिसायला हवे होते.

फटीच्या पलीकडे पाणी उभं होतं. वाहत नव्हतं, फटीतून बाहेर येत नव्हतं. काचेआड असावं तसं, जिथवर दिसत होतं तिथवर भरलेलं, फिकट, पिवळसर हिरवं. आत लांबवर काहीतरी दाट होतं. ते मी आडवा झालो होतो त्या बाजूला सरकू लागलं. सावकाश, पसरत, गोळा होत, पुन्हा पसरत. ते माझ्या डोळ्याच्या पातळीला आलं आणि पलीकडून लागून थांबलं.

मी डोळे मिटले. उघडायचं धाडस झालं नाही. तसाच पडून राहिलो आणि म्हणालो, उद्या स्मरणपत्र देतो.

"द्या," अगदी जवळून ती म्हणाली. "अक्षर नीट काढा."

१०

अठ्ठावीस तारखेला मी आम्रपालीबाईंसमोर बसून नोंद खोटी असल्याचं सांगितलं. बाकीचंही सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. ते मी प्यायलो नाही.

"नोंद खोटी असेल तर मला आजच दोन्ही नष्ट कराव्या लागतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे मला सांगितलं नाही, असं मी समजते." डोळ्यांना पदर लावावा तसा त्यांनी ॲप्रनचा कोपरा लावला. त्यांना ते माझं म्हातारपण वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मीही तेच मानलं असतं.

मी म्हणालो, निदान नळी माझ्या हाती द्या, मी घरी नेतो. नळीबदल एक महिना पुढे ढकला. त्या काचेत एक थेंब क्षारपाणी घाला.

"काका, कागद असल्याशिवाय काच हलत नाही. हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत." मग म्हणाल्या, "संचालकांचा दोन ओळींचा मेल आला तरी पुरे. मी स्वतः लिहिलंय त्यांना."

प्रयोगशाळेच्या दाराला आता अंगठ्याचं कुलूप आहे. निघताना मी माझा अंगठा लावून पाहिला. लाल दिवा लागला.

आज रविवार, एकतीस ऑगस्ट. घरी गौरी यायचा दिवस. स्वयंपाकघरातल्या हेमाने मुखवट्यांची पेटी उघडली आणि एकच मुखवटा पाटावर ठेवला. गौरी दोन असतात, हे तिला सांगावं लागलं. दुसरा मुखवटा हातात घेऊन ती बराच वेळ बोळाकडे बघत उभी राहिली. मग तिने तो पहिल्याच्या शेजारी ठेवला.

दुपारी खुर्ची घेऊन दारापाशी बसलो. हळदीकुंकवाची पावलं उंबऱ्यापासून या दारापर्यंत काढली आहेत, असं सांगितलं. कान लावला तेव्हा, तळातून यावा तसा आवाज आला.

"आज वार कोणता?"

"रविवार," मी म्हणालो.

"मग उद्या," ती म्हणाली.

संचालक मंगळवारी दौऱ्यावरून परतणार आहेत. सोमवारी संस्थेला सुट्टी नाही. नळीबदल अकरा वाजता आहे. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी मेल चौदा वेळा तपासला. दि. ५ ऑगस्टचा अर्ज प्रलंबित आहे.